दादाच्या छातीवरचं मशीन

चोवीस तास भरले होते, म्हणून दुपारी दोनच्या सुमाराला मी दादाच्या छातीवरचं मशीन काढायला तिसगावला गेले. याकोब माझा थोरला भाऊ, शाळेत मास्तर. मी नगरला एका दवाखान्यात नर्स. महिन्यात दोनदा तो वर्गात चक्कर येऊन पडला होता. डॉक्टर म्हणाले, लगेच ॲडमिट करा. दादा म्हणाला, मुलांची परीक्षा होऊ दे. मीही हट्ट धरला नाही. त्याऐवजी ठोके नोंदवणारं ते डबीएवढं मशीन त्याला लावून दिलं.

कृपावहिनी दळणाला गेली होती. उन्हानं पत्रा तडतडत होता. दादा कॉटवर बसला होता, ओठ निळसर.

"सिल्व्हिया, आत कायतरी लई पळतंय... आन् मी जागच्या जागीच हाय."

मी मनगट धरलं. नाडी मोजता येईना इतकी वेगात. मग बोटांखालून ती गेलीच. अशा वेळी हृदय लगेच थांबत नाही. ते नुसतं थरथरत राहतं, पण रक्त पुढे ढकलत नाही. हे मला पाठ होतं. अँब्युलन्सला फोन लावला आणि त्याला जमिनीवर घेऊन मी छाती दाबत राहिले. बरगडी मोडलेली हाताला कळली. शॉकचं यंत्र अँब्युलन्समध्ये, आणि ती पाथर्डीहून यायला पाऊण तास लागला. शॉक देऊनही उपयोग झाला नाही, दादा गेला.

मशीन मीच काढलं. तारा गुंडाळून पर्समध्ये टाकलं. बंद करायचं सुचलं नाही. उन्हाळा, म्हणून त्याच संध्याकाळी दफन झालं. पर्स माझ्या खांद्यालाच होती.

आठवड्यानं डॉक्टरांनी नोंद उघडली. सव्वादोनला रेघ धावत सुटली होती, मग नुसती थरथर, मग सपाट. आणि पाच वाजल्यापासून पुन्हा ठोके. संथ, एकसारखे.

"तारा कुणाच्या अंगावर होत्या?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"कुणाच्याच नाही..."

या मशीनला एक बटण असतं. त्रास वाटला की पेशंटनं दाबायचं, नोंदीत खूण उमटते. जिवंतपणी दादानं ते एकदाही दाबलं नव्हतं. पहिली खूण सहा चाळीसची होती. तेव्हा आम्ही मूठमूठ माती टाकत होतो. त्यानंतर खुणा थांबल्याच नाहीत, मशीनची बॅटरी संपेपर्यंत.