समोरची रिकामी बैठक

काम म्हणाल तर पाव तासाचं. शेवटच्या खुर्चीची कड घासायची, बस्स. तेवढ्यासाठी विल्बेर्त कान्चे चौकात गेला होता. हसू नका रे पोरांनो, त्याच्या हाताखाली सोळा वर्षं सिमेंटचे साचे भरलेत मी. त्याच्या तोंडून ऐकलंय तेच सांगतोय.

आपल्या चौकातल्या या पांढऱ्या जोडखुर्च्या त्याच्याच. एका सिमेंटात दोन बैठका, तोंडं समोरासमोर, मधे एकच वळणदार हात. मेरिदा शहरातल्या खुर्च्यांपेक्षा देखण्या, आणि पन्नास पावसाळ्यांत तडा जायचा नाही अशा. त्यांच्यासाठी जुने लांब बाक फोडले. त्यातल्या एकावर म्हातारा नासारियो निजायचा. ना पोर, ना पुतण्या.

"मिस्त्री, एक लांब बाक ठेव की रे. फार दिवस नाही लागायचा मला."

"बाबा, चौक आहे हा, धर्मशाळा नाही. सगळी शोभा जाईल."

"शोभा पाठीखाली घेता येत नाही, लेका."

म्हातारा फरशीवर निजू लागला. सप्टेंबरचा पाऊस. ऑक्टोबरात छाती भरली आणि गेला. "वय झालं होतं," विल्बेर्त म्हणाला. पण तेव्हापासून त्याला घास गोड लागेना. मला त्याचा राग यायचा आणि कीवही.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. नवी जोडखुर्ची पहिल्यांदा दोघांनी एकदम बसून बघायची. एकटा बसलास तर समोरची बैठक मोकळी राहते. मग तिथं जो येईल त्याला नाही म्हणता येत नाही.

आज पाच वर्षं झाली त्याला. म्हातारा गेल्यावर लगेच आलेली नोव्हेंबरची पहिली तारीख. मोठ्या माणसांचे आत्मे घरी जेवायला येतात ती रात्र. मी म्हटलं, "मिस्त्री, आज नको. उद्या बसू दोघं."

"जा घाबरटा, बायकोच्या हातचा खड्ड्यात भाजलेला मक्याचा पिब हादड जा."

गेलो मी. चुकलंच माझं.

पावणेबाराला त्याची कड घासून झाली. कंबर दुखत होती. टेकला.

समोर कुणी नव्हतं.

मग ओल्या गोधडीचा वास आला...

मधल्या हातावर त्याचा पंजा होता. पंजावर काहीतरी टेकलं. जड. गार. डोकं असावं तसं. दिसत काहीच नव्हतं. बोटांना श्वास लागत होता. घरघरणारा.

"नासारियो बाबा?"

...

"चुकलं माझं. बाक करतो. लांब. उद्याच..."

...

घरघर कमी झाली. श्वास संथ झाला. झोप लागल्यावर होतो तसा.

पहाटे मी पोचलो तेव्हा विल्बेर्त तसाच बसलेला. हात लाकूड झालेला. "उठला का नाहीस रे?" मी ओरडलो.

"हळू बोल," तो म्हणाला. "किती दिवसांनी झोपलाय."

त्या हातानं त्यानं पुन्हा थापी धरली नाही. लांब बाक मी बांधला. तो शेजारी उभा राहून रडत होता. नंतर लेकीकडे कांपेचेला निघून गेला.

बाक तो बघा, कारंज्यापलीकडे, उघड्यावर. रात्री तिथं कुणी निजत नाही. मी पाळत ठेवून पाहिलंय. पण पहाटे सगळा चौक दवानं भिजतो ना, तेव्हा या. बाकही ओलाच असतो. फक्त मधे, मुटकुळी केलेल्या माणसाएवढी जागा... कोरडी.