‘वर’ कोण म्हणालं?

खटपट्या त्या दिवशी निघाला होता तो नुसतं ग्रीस लावायला. हातात ग्रीसचा डबा, खिशात पाना, कानावर पेन्सिल. पेन्सिलीचं ग्रीसशी काही काम नाही, पण कानावर पेन्सिल नसली तर या माणसाला उघडं पडल्यासारखं वाटायचं.

असा एखादा माणूस तुमच्याही घरात असेल, नाहीतर शेजारी तरी असेलच. मोडकी छत्री दिली तर तिच्या काड्यांची कपडे वाळत घालायची चौकट करणार, आणि ती चौकट मोडली की परत छत्री मागायला येणार. काही फेकायचं म्हटलं की हा आडवा येतो. बायको वारली तेव्हा तिचा चष्माही यानं ठेवून घेतला, भिंग कशाला तरी उपयोगी येईल म्हणून. हसू नका. आलं होतं उपयोगी.

घरात आता तो आणि मुलगी. मुलगी शिवणकाम करायची. जीभ कात्रीसारखी, पण हात सोन्याचे. त्या हातांवरच घर चालायचं, कारण खटपट्याच्या खटपटीतून आजवर फक्त पसारा निघालेला. शाळेचे तीस गणवेश दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. निघताना तिनं हाक मारली.

“बाबा, माझ्या मशीनच्या मोटरचा पट्टा परत सटकलाय. दुपारी मीच बोटं घालून चढवते.”

“मी आल्याशिवाय हात लावायचा नाही.”

“तुमचं येणं मला माहितीये. लाँड्रीत ग्रीस लावायला जाणार आणि त्यांची मोरी दुरुस्त करून संध्याकाळी उगवणार.” ती दोरा ओवता ओवता हसली. “आणि काय हो, तुमच्या मोटरला वाचा फुटलीय. दोन-तीन दिवस झाले, मी बटण दाबायला गेले की विचारते, ‘हात?’ मी पण म्हणते, आहेत की दोन!”

खटपट्याच्या हातातला डबा निसटला. पायावर पडला, तरी तो ओरडला नाही.

“काय विचारते?”

“‘हात?’ असं. घोगऱ्या आवाजात. अहो गंमत केली, बेअरिंग घासत असेल...”

त्यानं डबा उचलला आणि गेला. कारण ती दोन अक्षरं त्यानं या घरात कधी उच्चारली नव्हती, आणि मुलगी तेव्हा पाळण्यात होती.

आता ‘तेव्हा’ म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही मलाच खटपट्या म्हणाल.

बावीस वर्षांपूर्वी तो एका सुतारशाळेत कामाला होता. तिथं एक मशीन होतं, एकात सगळं. एका टोकाला गोल करवत, मधे रंधा, दुसऱ्या टोकाला भोक पाडायचा गिरमिट. तीन माणसं तीन ठिकाणी उभी राहून काम करायची, पण आत शाफ्ट एक, मोटर एक आणि खटका एक. एक फिरलं की सगळंच फिरणार. म्हणून करवतीवर उभ्या असणाऱ्या मोठ्या मिस्त्रींचा नियम होता. खटक्याला बोट लावायच्या आधी ते ओरडायचे, “हात?” आणि प्रत्येकानं आपले हात वर करून म्हणायचं, “वर!” दोन ‘वर’ आले की खटका. मिस्त्रींना नीट दिसायचं नाही, पण कान तिखट. त्यांचा भरवसा आवाजावर.

गिरमिटावर खटपट्या. रंध्यावर त्याचा दोस्त, वकील. हा कसला वकील! बिचारा तोतरा होता. एक शब्द काढायला त्याला चहा थंड होईल एवढा वेळ लागायचा, म्हणून तर सगळे वकील म्हणायचे. मिस्त्रींनी ‘हात?’ विचारलं की हा “व... व... व...” करत बसायचा, आणि खटपट्या त्याची हुबेहूब नक्कल करून त्याच्या वतीनं ठोकून द्यायचा, “व-व-वर!” तो वकिलाचाच आवाज समजून सगळी सुतारशाळा हसायची. वकीलसुद्धा हसायचा. मिस्त्रींनाच काय, कोणालाच कधी कळलं नाही.

त्या दिवशी वकील रंध्यात अडकलेली साल काढत होता. मिस्त्री म्हणाले, “हात?” खटपट्या म्हणाला, “वर!” वकील म्हणाला, “थ... थ...” खटपट्याला घाई होती. मान न वळवता तो म्हणाला, “व-व-वर!”

पुढचं मी सांगत नाही. उजवा हात मनगटापासून गेला, एवढं पुरे.

सगळे म्हणाले, हा स्वतःच ‘वर’ म्हणाला, आम्ही कानांनी ऐकलं. खटपट्याही म्हणाला, हो, ऐकलं. वकील त्यानंतर बोललाच नाही. खटपट्या भेटायला गेला की तो तोंड उघडायचा, ओठ थरथरायचे, आणि शब्द बाहेर पडायच्या आत खटपट्या चप्पल घालून मोकळा. दोन वर्षांपूर्वी वकील गेला. मिस्त्री तर त्याच्याही आधी गेलेले. सुतारशाळा बंद पडली, मशीन भंगारात निघालं आणि ते आणलं कोणी? अर्थातच या शहाण्यानं. चांगलं लोखंड फुकट कसं घालवायचं?

मोटर काढून मुलीच्या शिलाई मशीनला लावली. शाफ्टवर धारेचा दगड चढवून चाक केलं, ते अंगणात. रंध्याचं ते जाडजूड फिरतं लोखंडी लाटणं उरलं होतं. त्यातली पाती काढली, खाचा लाकडानं बुजवल्या, वर रबर गुंडाळलं, हँडल बसवलं आणि झाला कपडे पिळायचा रोलर. तो दिला वकिलाच्या बायकोला. वहिनी लाँड्री चालवायच्या. खटपट्याला वाटलं, झाली फिटंफाट. लोखंडाच्या तुकड्यावर असल्या गोष्टी मिटवणारी माणसं असतात.

तर तो लाँड्रीत पोचला तेव्हा दुपारचा एक वाजला होता, पण आभाळ असं भरलेलं की आत अंधारच. वीज गेलेली. ओल्या चादरी दोन्ही बाजूंना लोंबत होत्या आणि फरशीवर पाणी ठिबकत होतं. टप्... टप्... साबणाचा वास होता, पण त्याच्या खाली आणखी एक वास होता. करवत जोरात चालली की लाकूड करपतं, तो.

“या भाऊजी,” वहिनी चादरींमागून म्हणाल्या. “तुमच्या रोलरनं माझे कपडे कमी आणि मलाच जास्त पिळून काढलंय.”

“ग्रीस लावतो ना वहिनी. लोण्यासारखा चालेल.”

“ग्रीसनं हे जाईल का?” त्यांनी ओंजळ पुढं केली. ओंजळीत लाकडाची साल होती. पातळ, कुरळी, ताजी. रंध्यातून नुकती सुटावी तशी, अजून कोमट. “रोज निघते. चादरीत गुंडाळलेली. पाती काढलीत ना तुम्ही?”

“का... काढली की.”

वहिनींनी ती साल पदराच्या टोकाला बांधली.

“एक विचारू? हे शेवटच्या महिन्यात डाव्या हातानं एकच वाक्य लिहायचे. पाटीवर, भिंतीवर, जिथं जमेल तिथं. ‘मी वर म्हटलं नव्हतं.’ मला वाटलं, तापात भ्रम झालाय. तुम्ही तर शेजारीच उभे होता...”

खरं सांगायची हीच वेळ होती. चादरींचा आडोसा होता, समोर एक बाई होती, रागावणारी नाही, नुसती विचारणारी. पण खटपट्यानं ग्रीसच्या डब्याचं झाकण उघडलं आणि म्हणाला, “भ्रमच असेल वहिनी. आधी जरा हँडल फिरवा बघू, कुठं घासतंय ते कळू दे.”

वहिनींनी सुस्कारा सोडला आणि हँडलला हात घातला.

रोलरच्या पोटातून कोणीतरी विचारलं, “हात?”

घोगरा, म्हातारा, ओळखीचा आवाज. वहिनींना ऐकू आला नाही, त्या हँडलवर वाकलेल्या तशाच. खटपट्याच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट लख्ख झाली. एक वाजलाय. घरी मुलगी पट्टा चढवतेय. बोटं पट्ट्याखाली. आणि एक फिरलं की सगळंच फिरतं.

त्याला ओरडायचं होतं, थांबा. एवढा साधा शब्द.

“थ...” तो म्हणाला. “थ... थ...”

जीभ टाळूला चिकटली. घामानं डोळे भरले. “थ... थ... थ...” आणि तेवढ्यात त्याच्या मागं, ओल्या चादरींच्या पलीकडून, कोणीतरी ठसक्यात म्हणालं, “व-व-वर!”

हँडल गर्रकन फिरलं.

वहिनी दचकून मागं झाल्या. हा आवाज त्यांना ऐकू आला होता. चेहरा चादरीसारखा पांढरा.

“हा... ह्यांचा आवाज. भाऊजी, तुम्ही काढलात ह्यांचा आवाज?”

“नाही वहिनी! मी नाही!”

बावीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोलला, आणि तेच खोटं वाटलं.

तो धावत सुटला. डबा तिथंच, एक चप्पल तिथंच. चार गल्ल्या त्यानं कशा ओलांडल्या ते त्यालाही सांगता यायचं नाही. वाटेत कोणीतरी थट्टा केली, “काय खटपटे, मोरी फुटली का?” यानं ऐकलंही नाही. अंगणात पाय ठेवला तर धारेचं चाक आपोआप फिरत होतं, हळूहळू थांबत होतं.

आत मुलगी मशीनपासून चार हात लांब, भिंतीला टेकून उभी. दोन्ही हात छातीशी घट्ट. त्यानं ते हात ओढून घेतले आणि बोटं मोजली. मग परत मोजली.

“दहाच आहेत बाबा,” ती म्हणाली. “बोटं आत घातली होती... मागून कोणीतरी म्हणालं, ‘थ-थ-थांबा’. मला वाटलं तुम्हीच. मी हात काढला आणि मोटर सुटली. वीज नाहीये बाबा. बघा ना, पंखा बंद आहे.”

खटपट्या जमिनीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. मिस्त्री, वकील, नक्कल, सगळं. सांगताना एकदाही थट्टा केली नाही, त्यामुळं मुलीला तो कोणी परका माणूस वाटला.

ऐकून ती म्हणाली, “उठा. तुमच्या वहिनींकडं जायचं. आत्ता.”

“जातो. आधी ही मोटर काढतो, विहिरीत टाकतो.”

“आधी सांगून या.”

“अगं, दोन बोल्टांचं काम आहे! तू इथं एकटी, आणि हे सैतानाचं...”

“बाबा, सगळं आयुष्य दोन बोल्टांतच घालवलंत तुम्ही.”

पण त्यानं पाना काढलाच होता. मुलीनं चडफडत भिंतीतून प्लग उपटला, वायर मनगटाला गुंडाळली आणि मुठीत घट्ट धरून उभी राहिली. खटपट्या मशीनखाली शिरला. पहिला बोल्ट पटकन सुटला. दुसरा पुलीच्या मागं होता. तिथं पोचायला दोन्ही हात पट्ट्याच्या आत घालावे लागत. त्यानं घातले, कोपरापर्यंत.

करपल्या लाकडाचा वास आला.

“बाबा,” मुलगी वरून म्हणाली, “एक सांगायचं राहिलं. ते ‘थांबा’नंतर आणखी काहीतरी म्हणाले. खूप वेळ लागला त्यांना. मला अर्थ लागला नाही.”

“काय?”

“‘त... त्याचं उत्तर... आता मी देणार.’”

खटपट्याचा पाना हातातून गळला. मोटरच्या पोटात कोणीतरी घसा खाकरला आणि विचारलं, “हात?”

त्यानं तोंड उघडलं. पण दारातून उत्तर आधीच आलं. तोतरेपणा नाही, अडखळणं नाही. खुद्द खटपट्याचाच आवाज, तसाच खोडकर, तसाच घाईतला:

“वर!”

मुलीनं मुठीतल्या प्लगकडं पाहिलं. अंगणात चाक फिरायला लागलं. चार गल्ल्यांपलीकडून, इतक्या लांबून ऐकू येऊच नये असा, हँडल गरगरल्याचा आवाज आला. आणि खटपट्याच्या मनगटांवर तो जुना पट्टा हलकेच ताणला गेला.