पाटीवरचं 'सर्वत्र'

"सिंधू, प्रवासाचा हिशेब मांडताना आधी जेवणाचं मांडायचं, बाळा. भाडं मागून."

आबांचा हा आवाज सिंधूला रोज सकाळी आठवायचा... रविवार कारंज्यावरच्या यात्रा कंपनीचं कुलूप काढताना, गणपतीच्या तसबिरीला दुर्वा वाहताना. तिच्या वडिलांनी, आबांनी, उभा जन्म लोकांना काशी-रामेश्वर घडवलं. आता ते नव्हते. गाड्यांचं थोरला भाऊ खंडेराव बघायचा आणि हिशेबाचं सिंधू.

दसरा होऊन गेला होता, हवेत नुकता गारवा आला होता. दारातल्या उन्हाच्या पट्ट्यात एक उंच सावली येऊन थांबली.

"ताई, पाटीवर 'भारतभर व सर्वत्र' लिहिलंय. त्या सर्वत्रात व्हिएन्ना बसतं का?"

सिंधूने मान वर केली. सातपूरच्या कारखान्याचा निळा शर्ट, पाणी लावून पाडलेला भांग, आणि चेहरा असा गंभीर, की हा थट्टा करतोय की खरंच विचारतोय तेच कळू नये.

"आमचं सर्वत्र बद्रीनाथला संपतं," ती हळूच म्हणाली.

"मग थोडं पुढे ढकला की!"

तो जयराम. कारखाना त्याला नवं मशीन शिकायला जर्मनीला धाडत होता. जातानाच, त्याच तिकिटात, वाटेत व्हिएन्नाला तीन दिवस उतरता येणार होतं. पण त्या काळी सरकार परदेशी जाणाऱ्याला डॉलर देणार मोजकेच...

"आमच्या मशीन शॉपमध्ये एक जुनं कॅलेंडर आहे. त्यावर तिथला मोठ्ठा पाळणा आहे, जत्रेतल्यासारखा, पण घरांच्या कौलांवरून फिरणारा. इतकी वर्षं त्याच्याकडे बघत लेथ चालवला. एकदा बसायचंय."

सिंधूने व्हिएन्ना स्वप्नातही पाहिलं नव्हतं. तिने सरळ यात्रेसारखं मांडायला घेतलं.

"तिकडे धर्मशाळा असते का हो?"

"तरुणांसाठी होस्टेल असतं. एका खोलीत सहाजण."

"मग धर्मशाळाच ती! आणि दशम्या, मेतकूट, चिवडा इथूनच न्यायचा."

"चिवडा... व्हिएन्नाला?" तो हसला, आणि त्याच्या गालावर उजवीकडेच खळी पडते हे तिला दिसलं. उगाचच दिसलं.

मग तो दर शनिवारी येऊ लागला. कधी ट्रामचं भाडं विचारून आलेला असे, कधी नुसताच. 'ताई' म्हणायचं त्याने कधी सोडलं, ते दोघांच्याही लक्षात आलं होतं. इकडे घरात सिंधूसाठी विंचूरच्या कांदा व्यापाऱ्याच्या मुलाचं स्थळ सांगून आलं होतं. अंगारकी झाली की होकार कळवायचा, असं खंडेरावने ठरवून टाकलं होतं.

जाण्याआधीचा शनिवार. सिंधू सांगत होती, जयराम लिहून घेत होता.

"रविवारी उतरलात की घरच्या दशम्या. दूध तेवढं विकत. सोमवारी दुपारी पाव नि सूप, आणि ट्राम नको, पायी हिंडा. मंगळवारी जेवणाचं काही धरू नका. दूध, केळी—"

पेन्सिल थांबली. "मंगळवारी मी काय गुन्हा केलाय?"

"अंगारकी नाही का त्या—"

सिंधूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतके दिवस ती हिशेब मांडत होती तेव्हा त्या परक्या गावातून कोण चालत होतं? तीच की! त्याच्यापेक्षा पाऊलभर मागे, पदर सावरत... आबांनी जे सर्वांत आधी मांडायला सांगितलं, तेच नेमकं चुकलं होतं. प्रवाशाला तिने उपाशी ठेवलं होतं.

"अंगारकीचा उपास तर तुमचा," तो अगदी हळू म्हणाला. "म्हणजे व्हिएन्नाला तुम्ही निघालाय. मी काय, सामान उचलायला?"

"चुकलं माझं. खोडा ते."

"नाही खोडत. उपास धरतो. वाचलेल्या पैशांत पाळण्यात बसेन... पण पाळण्यात एकट्याने बसणं बरं दिसत नाही हो. पुढच्या वेळी दोघांचा हिशेब मांडाल?"

सिंधूने समोरची दुर्वांची जुडी उगाच सारखी केली.

"अंगारकी झाली की विंचूरच्या स्थळाला होकार कळवणार आहेत," ती म्हणाली. एवढंच.

जयरामचा चेहरा उतरला. तो बाहेरचे टांगे बघू लागला.

"मी तेव्हा इथे नसेन. आणि घरी आई एकटीच. मोतीबिंदू आहे तिला. दर संकष्टीला मी गच्चीत उभा राहतो, 'आई, उगवला गं' म्हणून सांगतो, मग ती पानावर बसते. या खेपेला..." तो थांबला. "तुम्ही सांगाल तिला?"

"सांगेन."

त्या एका शब्दाने दोघांचंही सगळं बोलून झालं.

अंगारकीच्या संध्याकाळी सिंधूने देवापुढे दिवा लावला, मोदकांचा डबा भरला. खंडेराव ओसरीवर पेपर वाचत होता.

"सिंधे, उद्या विंचूरला चिठ्ठी धाडतो बरं का."

"धाड दादा. पण नाही म्हणून धाड." तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "आणि मी जरा पंचवटीत जाऊन येते. कुसाबाईंकडे. जयरामांच्या आई."

"जयराम... तो व्हिएन्नावाला?"

"हं."

खंडेरावने पेपर खाली केला. बहिणीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"शाल घे," तो म्हणाला. "पुलावर वारा असतो."

शाल डोक्यावरून घेऊन सिंधू निघाली. गोदावरीवरून थंडगार वारा येत होता आणि डब्याची ऊब तळहातांना लागत होती. पूर्वेला अजून अंधारच होता. तिने पाऊल उचललं. चंद्राच्या आधी पोचायला हवं होतं.