केळीतली उलटी मोटर

लोणखेड्याच्या त्या भावेशचं वागणं मला पहिल्यापासून पटलं नाही. काम कमी, पाणी पिणं जास्त! निम्मा आठवडा शहाद्याला आयटीआयत शिकतो, निम्मा वर्कशॉपात काम करतो म्हणे. यानंच आमच्या केळीच्या मळ्यातली जळालेली मोटर भरून आणून बसवली. दोन दिवस झाले न झाले, मोटर उलटी फिरायला लागली. पाण्याची धार करंगळीएवढी. यानं येऊन स्टार्टरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, पाणी धो धो आलं. पुढच्या आठवड्यात परत तेच. परत हा हजर — भांग पाडून, सेंट मारून!

माझी नात हेमांगी त्याच्याच वर्गात. पण तिला वर्कशॉपात मी जाऊ दिलं नव्हतं. पोरीच्या जातीनं ग्रीसमध्ये हात कशाला घालायचे? वर्गात कधी बोलली नाहीत दोघं, आणि इथं बांधावर...

"पाणी गोड शे," हेमांगीला तांब्या परत देताना हा म्हणाला.

"तापीमायनं पाणी शे. मन्हं नही."

"मी कुठं तुन्हं म्हटलं?"

पोरगी ओढणीचं टोक चावत हसली.

तिसऱ्यांदा मोटर उलटी फिरली तेव्हा मी मोबाईलच काढला. "आता मी तुन्हा सेठलेच सांगस."

भावेशचा चेहरा उतरला. वर्कशॉपचा सेठ तक्रार आली की पोराला काढतो, आणि वर्कशॉप सुटलं की आयटीआयही अर्धवट. तरी म्हणतो कसा, "करा फोन, आजी. चूक मन्हीच शे."

हेमांगीनं मोबाईल हिसकावला. "नको ना, आजी! वायरी... मी बदलत होते."

"तू? काबरं?"

"मोटर सुलटी राहिली, तर हा येणार कसा?"

मी भावेशकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या खेपेलाच. वायरींचा जोड मन्हापेक्षा पक्का होता. म्हटलं, हा हिचाच."

"मग बोलला का नाहीस? काम गेलं असतं!"

"बोललो असतो तर... येणं गेलं असतं."

हेमांगी लालेलाल. माझ्या म्हातारीच्या छातीतही काहीतरी धडधडलं. पण ते याला कशाला दाखवू? कमरेवर हात ठेवून सुनावलंच —

"ऐक रे पोऱ्या! उद्या सकाळी तुन्ही गाडी मन्हा दारात पायजे. हिना जोड एवढा पक्का शे, तर हिलेबी वर्कशॉपात ने. दोघं आयटीआय पुरं करा, कामाला लागा, मग तुन्ही मायले धाड. नातजावई म्हणून तू माले पसंत शे... पण लगीन होईस्तोवर मन्ही मोटर सुलटीच फिरली पायजे!"