घंटेच्या आधी

मोनिकाने देवळातल्या घंटेचा दोर दोन्ही हातांनी धरला... सांजेच्या प्रार्थनेला अजून पुष्कळ अवकाश होता. घंटा वाजवणारा म्हातारा जुजे मागच्या बाकावर तोंड उघडं टाकून घोरत होता. बाहेर उत्तन गावचं आभाळ ढगांनी असं गच्च भरलं होतं की दुपार कुठे संपली आणि सांज कुठे लागली, हे सांगणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. घड्याळ बाळगणारे गावात एकटे पाद्री, आणि ते आजाऱ्याला बघायला शेजारच्या डोंगरी गावाला गेले होते.

"देवा, मना माफ कर," ती पुटपुटली आणि तिने दोर ओढला. तीन टोल, मग जरा थांबून तीन, मग पुन्हा तीन... अगदी रोज वाजतात तसेच.

१९३८ सालचा पावसाळा होता तो. होड्या वाळूत ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या, आणि समुद्रावर जाता न येणारे पुरुष घरात बायकांच्या पायात पायात येत असलेले. अशा वेळी पत्ते निघायचेच. त्या वर्षी इनासच्या पडवीत पोकर नावाचा नवा खेळ रंगला होता. इनास बरीच वर्षं आगबोटीच्या भटारखान्यात होता. तिथून तो थोडे पैसे आणि हा खेळ, दोन्ही घेऊन परतला होता, आणि पैशांतून त्याने नवी होडी बांधली होती.

गावात पत्त्यांचा एक नियम मात्र बाबा-आज्यापासूनचा. डाव चालू असताना उठेल तो पळपुटा. त्याला पुढे कुणी विचारायचं नाही. पण सांजेची घंटा झाली की हातातली पानं उपडी ठेवायची, सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना म्हणायची, मधे लावलेलं ज्याचं त्याला परत द्यायचं. मग ज्याला घरी जायचं त्याने खुशाल जावं, त्याची मान खाली जात नसे. उठण्याचा तेवढा एकच अब्रूचा दरवाजा होता, आणि तो दिवसातून एकदाच उघडायचा!

त्या दुपारी मोनिकाची भावजय लुसी पोटुशी असूनही धापा टाकत घरी आली होती. "बाय, त्यांनी डावावर होडी लावली... इनासनेबी आपली लावली. मी बोलावलं, तर माझ्याकडं बघतसुदा न्हाईत."

होडी! आय-बाबांच्या मागे धाकट्या भावाला, बस्त्यावला, लहानाचा मोठा करताना मोनिकाने वरसाव्याचं चांगलं स्थळ परत पाठवलं होतं, आयचे सोन्याचे दाणे मोडले होते, आणि त्यातून ती होडी उभी राहिली होती. पण ती घाबरली ती होडीसाठी नव्हे... तिला आठवला तिचा बाबा. लोक म्हणायचे, आंतोन हरला म्हणून बुडाला. मोनिकाला ठाऊक होतं की ते खरं नाही. हरलेला बाबा घरी यायचा, निमूट पेज प्यायचा, दुसऱ्या दिवशी जाळं विणायचा. जिंकणारा बाबा मात्र घरी यायचाच नाही! त्याचे डोळे चमकायचे, पोरीला तो ओळखायचा नाही, आणि मग एक दिवस जिंकता जिंकताच त्याचं सगळं गेलं. म्हणून तिने लुसीला एकच विचारलं, "जिंकतोय का हरतोय?"

"जिंकतायत. सकाळपासून."

मोनिका तशीच उठली आणि देवळाकडे चालू लागली होती.

घंटा ऐकून गावाने काम टाकलं. ताडावरचे ताडीवाले घाईघाईने खाली उतरले, बायकांनी भात चुलीवर चढवला, आणि इनासच्या पडवीत पानं उपडी पडली. प्रार्थना झाल्यावर इनास म्हणाला, "मी उठतो," आणि आपल्याच पडवीतून आत निघून गेला. दोन्ही होड्या ज्याच्या त्याला परत मिळाल्या... पण बस्त्यावच्या हातात त्या वेळी तीन राजे होते, सहसा न हरणारी पानं.

लबाडी टिकली असती, पण जुजे पडला प्रामाणिक. त्याला जाग आली, त्याच्या हिशेबाने वेळ झाली, आणि त्याने घंटा वाजवली! एका दिवसात दोन सांजा. परतलेल्या पाद्रींनी घड्याळ बघितलं आणि जुजेला समोर उभा केला. म्हाताऱ्याची भाकर जाणार हे दिसताच मोनिका गर्दीतून पुढे झाली. "त्याचा काय बी दोष न्हाय, फादर. पयली घंटा मी वाजवली."

शिक्षा म्हणून रविवारची मिस्साची सबंध प्रार्थना तिने देवळाच्या मधल्या वाटेवर गुडघे टेकून ऐकली. अख्खं गाव दोन्ही बाजूंनी बघत होतं. पण त्या नजरांचं तिला काही वाटलं नाही. तिचे डोळे बस्त्यावला शोधत होते, आणि बस्त्याव आला नव्हता.

तो घरी होता. लुसी रडत बोचकं बांधत होती.

"तू माझं तकदीर फोडलंस, बाय," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच तिला भय वाटलं. "तीन राजे होते हातात. दोन होड्यांचा मालक झालो असतो."

"बस्त्या, आपला बाबा..."

"बाबाचं नाव घेऊ नको. मी बाबा न्हाय." त्याने बोचकं उचललं. "आमी तारोडीला जातो, लुसीच्या घरी. माझ्या दारात येऊ नको."

तिने अडवलं नाही. काय सांगणार होती ती? की तुला मी माझ्या वाट्याच्या सगळ्या सुखाच्या जागी वाढवलं? ज्या जिभेवर असं वाक्य येतं, त्या जिभेने केलेली माया ती कसली माया... ती चुलीशी बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

वर्षं गेली. लढाई सुरू झाली, तांदूळ महागला. तारोडी काही सातासमुद्रापलीकडे नव्हती; पण बहीण-भावांचं ते अंतर कुणी चालून गेलं नाही. भाच्याचा बाप्तिस्मा झाल्याचं तिला बाजारात समजलं. लुसी नवऱ्याच्या नकळत कुणाकुणाच्या हाती सुके बोंबील पाठवायची. त्याबरोबर निरोप यायचा की अजून पत्ते बसतात, पण होडी शाबूत हाय. दर सांजेला घंटा झाली की मोनिका उभी राहायची. ती प्रार्थना दोघांत म्हणायची असते, एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं. लहानपणी बस्त्याव सांगायचा आणि ती उत्तर द्यायची. आता ती स्वतःच सांगायची, आणि स्वतःच उत्तर द्यायची.

लढाई संपत आली त्या साली, असाच होड्या शाकारलेल्या दिवसांत, ती सुपात तांदूळ निवडत बसली होती. दारात सावली पडली. तिने मान वर केली... बस्त्याव! कानशिलं पांढरी झालेला, पाय चिखलाने माखलेले. तिच्या हातातलं सूप कलतं झालं.

या वेळी पत्ते खेळणारा माणूस घरी येतो म्हणजे घंटा होऊन गेलेली असणार, आणि ती तर तांदळातच बसलेली. तिने तेच विचारलं. "घंटा कवा झाली? मना ऐकू कशी आली न्हाय?"

"झाली न्हाय अजून," तो उंबऱ्यावर बसत म्हणाला.

मग तो पायांचा चिखल बोटाने खरवडू लागला. "इनास हाय आता माझ्या होडीवर. कामाला."

"इनास? आणि त्याची होडी?"

"गेली. दोन वर्सं झाली. मी त्याला आज जाळं शिवताना विचारलं. म्हटलं, त्या दिवशी तुझ्या हातात काय होतं, खरं सांग. तो हसला. म्हणाला, काय बी नव्हतं, नुसता आव आणला होता. माझी होडी तुझीच झाली असती, बस्त्याव."

मोनिकाचा चेहरा पडला. इतकी वर्षं एक आशा तिने जपली होती, की इनासची पानं मोठी असतील, आपण भावाला वाचवलं असेल. म्हणजे खरोखरच तिने त्याच्या हातचं हिसकावून घेतलं होतं...

"मंग मी..."

"ऐक तर. तो म्हणाला, तुझ्या भैनीने वाचवलं तुला. मी माझी होडी हरताना गमावली न्हाय. ती गेली त्या दिवशी सकाळपासून जिंकत होतो. घंटा झाली, सगळे उभे राह्यले, मी बी राह्यलो. आणि परत बसलो. जिंकणाऱ्याला कोण उठवणार? मना भैन नव्हती." बस्त्यावने बोटांचा चिखल उंबऱ्याला पुसला. "मंग दुपारी मी पत्त्यांना बसलो होतो, बाय. पानं चांगली येत होती. एकदम वाटलं, माझं तोंड आता कसं दिसत असंल... बाबासारखं? तर पानं खाली ठेवली आणि उठलो. सगळे पळपुटा म्हणाले. तसाच चालत इथं आलो."

मोनिकाने त्याच्याकडे निरखून बघितलं. त्या डोळ्यांत ती चमक नव्हती. तिथे दमलेला, भुकेला, तिचा बस्त्या होता.

"तुला गुडघ्यावर बसवलं सगळ्यांसमोर," तो म्हणाला, "आणि मी घर सोडून निघालो होतो..." आणि तिच्या पायांशी डोकं टेकून तो लहान पोरासारखा रडू लागला. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. ती स्वतःही रडत होती, आणि ते अश्रू तिला गोड लागत होते. "पोराला आणायचंस की रं," ती म्हणाली. "मी बघितलं सुदा न्हाय त्याला."

"उद्या आणतो. लुसीला बी."

तेवढ्यात देवळाची घंटा वाजली. वेळेवर, जुजेच्या नातवाच्या हातची. दोघं उभी राहिली. सवयीने मोनिकाने पहिली ओळ म्हणायला ओठ उघडले. पण ती ओळ बस्त्यावने आधीच सुरू केली होती. ती थांबली, डोळे मिटले, आणि तिने उत्तर दिलं.

मग तिने सुपात आणखी दोन मुठी तांदूळ घेतले आणि निवडायला बसली.