देवयानीवरची रेघ

"याचं डोकं कुठे गेलं?"

मागून प्रश्न आला. पावलं वाजली नव्हती, दाराची कडी वाजली नव्हती, नुसता प्रश्न आला. कवळीवाल्याच्या हातातून बनियन सुटता सुटता राहिलं.

तसा प्रश्न रास्तच होता. कातरवेळ, गच्चीवर चिटपाखरू नाही, आणि टाकीशेजारी तीन पायांवर उभं राहिलेलं एक बुटकं धूड, अंगात पांढरं बनियन, पोटात बारीक घूं...घूं. मान असायला हवी तिथे नुसतं घट्ट ताणलेलं पांढरं सुती कापड.

"दुर्बीण आहे," तो म्हणाला. "मी बनियनचा फोटो काढतोय."

"अस्सं," ती म्हणाली. जगातले निम्मे लोक बनियनचेच फोटो काढतात असा तिचा सूर होता.

ती पायऱ्यांच्या दारात उभी होती. अनवाणी. डोक्याला कपाळापासून मानेपर्यंत करकचून बांधलेला काळा रुमाल. तिने कवळीवाल्याकडे पाहिलं... म्हणजे त्याच्या तोंडाकडे नाही, जरा वर. बराच वेळ.

"तुमचं डोकं फार छान आहे हो," ती हळूच म्हणाली. "असंच शोधत होते मी."

त्याच्या पाठीतून शिरशिरी गेली. त्याच्या डोक्याला आजवर कुणी छान म्हटलं नव्हतं. तिशी ओलांडता ओलांडता ते फरशीसारखं गुळगुळीत झालं होतं, आणि ताई तर तोंडावर विचारायची, "गच्चीवर चंद्र बघायला जातोस, की दाखवायला?"

कवळीवाला दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायचा. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे, हा दात बसवायचा. भोवती फळीवर ओळीने हसणारे जबडे, आणि त्यांच्यात एकटा न हसणारा हा. संध्याकाळ झाली की गच्चीवर. हातभर दुर्बीण, तिला जोडलेला कॅमेरा, आणि एकच ध्यास – देवयानी. आकाशातली दीर्घिका ती. अब्जावधी ताऱ्यांचा भोवरा. शहराच्या उजेडात आभाळ उकळलेल्या चहाच्या रंगाचं होतं, त्यातून तिला ओढून काढायचं म्हणजे शेकडो फोटो घ्यायचे आणि संगणकात एकावर एक रचायचे. त्याआधी बनियनचा फोटो. काचेवर धूळ असली तर कोऱ्या पांढऱ्यावर तिचा डाग दिसतो. संगणक तो डाग लक्षात ठेवतो आणि देवयानीच्या फोटोतून पुसून टाकतो.

"आणि मग?" तिने विचारलं. ती आता रोज येऊ लागली होती. तो बनियन चढवी तेव्हा कॅमेरा तळहातावर धरून उभी राहायची.

"मग कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. काही झालं तरी नाही. पहिला नियम."

अंधार पडला तसा त्याने कॅमेरा काढून डबीत पालथा ठेवला आणि तिथे डोळा लावायचं भिंग बसवलं.

"हात लावलात की!"

"तुम्हाला बघायचं होतं ना?"

ती वाकली. "काही नाही दिसत."

"सरळ बघू नका. जरा बाजूला बघा... मग ती येते. अंधुक गोष्टींना रोखून पाहिलेलं चालत नाही."

बराच वेळ नुसती दुर्बीण फिरवणाऱ्या मोटरची घूं...घूं. मग तिचा श्वास थबकला. "आली! धुरासारखी..." ती डोळा न काढताच हसली. "म्हणून तुम्ही माझ्या कानाच्या बाजूला बघून बोलता होय?"

कवळीवाल्याचे कान तापले. अंधार होता ही मेहेरबानी.

"हा उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय," तो घाईने म्हणाला. "ती आत्ता असेल की नसेल, खात्रीने कोण सांगणार."

"नसलेल्याही दिसतात तर," ती म्हणाली आणि जशी आली तशी गेली. आवाज नाही. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं – तिला सावलीही नव्हती. त्याने खाली पाहिलं. सावली त्याचीही नव्हती. चारी बाजूंनी शहराचा उजेड, सावली पडणार कुठून? बुद्धीला पटलं. पाठीला पटलं नाही.

सकाळी फोटो रचून झाला. देवयानी आली होती, तिरकी, दुधाळ. आणि तिच्या अंगावरून एक पांढरी, बारीक, वेलांटीदार रेघ गेली होती... आकाशात नसलेली. उजळ.

दुसऱ्या फोटोतही रेघ, पण वेगळी – सरळ, लांब. तिसऱ्यात तर कुरळी, बोटाने जवळ बोलावल्यासारखी. मधे एकदा ती आली नाही, त्या रात्रीची देवयानी धुतल्यासारखी स्वच्छ निघाली.

त्याने तळमजल्यावरच्या काकूंना सहज विचारावं तसं विचारलं, "पाचव्या मजल्यावर नवीन कोण आलंय हो?"

"पाचव्या? उजवीकडे तू. डावीकडचं घर बंद आहे रे! पूर्वीची बाई गेली तेव्हापासून." काकूंनी आवाज उतरवला. "परवा जिना चढत होते, पडदा जरासा हलला. आत काय पाहिलं सांगू? डोकी. ओळीने. तोंडं नसलेली."

"काकू, काहीतरीच!"

"माझे पाय सरळ आहेत बाबा. तू तिचे बघून घे."

त्यात ताईचा फोन. ताईने त्याच्यासाठी स्थळ आणलं होतं, चांगलं, सालस, आणि रविवारी दुपारी त्यांना होय-नाही कळवायचं होतं.

"तुझ्या मनात कुणी आहे का? एकदाच सांग."

"आहे," तो म्हणाला. "म्हणजे... बहुतेक आहे."

"बहुतेक? बाई आहे की पाऊस?"

शनिवारी संध्याकाळी ती गच्चीवर आली, आज रुमाल न बांधता. केस मोकळे, कमरेपर्यंत, वाऱ्यावर. तिने कॅमेरा हातात घेतला. तो बनियन ताणत राहिला, तिच्या कानाच्या बाजूला बघत. विचारायचं होतं ते ओठांपर्यंत आलं... कुणाला असं कसं विचारावं, तुम्ही आहात का म्हणून? अंधार पडल्यावर त्याने नेहमीसारखा कॅमेरा काढून तिला देवयानी दाखवली. तिनेही जरा वाट पाहिली, आणि खाली गेली.

रविवारी सकाळी चौथा फोटो तयार झाला. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकच लपेटा, जणू देवयानीच्या गळ्यात कुणी हात टाकला आहे. कवळीवाल्याने तो छापला, चारी फोटो उचलले आणि समोरचं दार वाजवलं. छातीत घूं...घूं.

दार उघडलं. आत पडदे ओढलेले. अंधारात फळीवर ओळीने डोकी – टकली, बिनतोंडाची. एकाच्या टाळूवर अर्धे केस, बाकी अर्ध्यात सुया.

"अय्या, तुम्ही? दिवसा?" ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही रात्रीचेच असता."

"ही... डोकी..."

"लाकडी आहेत. मी टोप बनवते, नाटकवाल्यांचे, आजारपणात केस गेलेल्यांचे. महिनाच झालाय येऊन. उन्हाने केसांचा रंग उडतो म्हणून पडदे. चपलेला केस चिकटतात म्हणून अनवाणी. माझे केस टोपात मिसळू नयेत म्हणून रुमाल." तिने त्याच्या डोक्याकडे हावरेपणाने पाहिलं. "मापाला जिवंत डोकं मिळत नाही हो सहजी. तुमचं बघितलं आणि..."

त्याने फोटो पुढे धरले. तिने एक नजर टाकली आणि हसतच सुटली.

"हा केस आहे!"

"केस?"

"कॅमेरा धरला की बाहीवरचा पडत असणार काचेवर. हा वेलांटीवाला नाटकातल्या राणीचा. हा लांब सरळ एका आजींचा. हा कुरळा..."

कवळीवाल्याने कपाळावर हात मारला. तो थेट मानेपर्यंत घसरला. धूळ, डाग, भूत, सगळ्याची शंका आली, पण केसाची? ज्याच्या डोक्यावर नाही त्याच्या डोक्यात येणार कुठून! बनियनच्या फोटोत केस होता. कॅमेरा पालथा ठेवला, केस गळून गेला. संगणक बिचारा नसलेल्या केसाची सावली पुसत बसला आणि तिथे उजेड झाला.

"म्हणजे कॅमेरा काढला नसता तर रेघ आली नसती?" तिचं हसू थांबलं.

"नसती."

"आणि काढायचा नाही हा पहिला नियम."

"हो."

"तरी दर वेळी काढलात?"

"तुम्ही... वाकून बघता तेव्हा तुमचा श्वास थबकतो," तो म्हणाला. पहिल्यांदाच कानाच्या बाजूला न बघता. "तेवढ्यासाठी."

ती चौथ्या फोटोवरून बोट फिरवत म्हणाली, "हा माझा. काल रुमाल बांधायचा राहिला..."

"विसरलात?"

"अजिबात नाही."

फळीवरची डोकी ऐकत असावीत. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

"काय रे," ताई कडाडली, "आहे का ती, की नाही?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीशी गेली, घटकाभर केसांच्या रंगाची पर्वा सोडली, आणि पडदा सर्रकन ओढला. ऊन आत आलं. फरशीवरून एक लांब, काळी, मोकळ्या केसांची सावली आली आणि त्याच्या पायांवर येऊन थांबली.

"आहे, ताई," तो म्हणाला. "सावलीसकट आहे."