एक थाप म्हणजे थांब

“मागे जो उभा असेल त्यानेच थाप द्यायची. दुसऱ्या कुणी नाही.”

तात्यांनी माझ्या ताईला हे निदान तीनदा सांगितलं होतं. तिने तिन्ही वेळा मान डोलावली आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

ही घडलेली गोष्ट आहे. तिखटमीठ लावलेलं नाही. उलट ताईने सांगितलं त्यातलं थोडं मीच गाळलंय.

रविवार होता. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. लख्ख ऊन. काळोख, अमावस्या, पडकं घर... यातलं काही म्हणजे काहीच नव्हतं. एक तळं, काठावर मोकळं मैदान, आणि मैदानात उभा तात्यांचा डबा.

तात्या म्हणजे ताईचे सासरे. उभी हयात बसच्या बॉड्या बांधण्यात गेली. पत्रा कापताना उजव्या हाताची करंगळी अर्धी गेली होती. ते घरी बसले आणि इकडे भावोजींच्या डोक्यात कॅम्परचं खूळ शिरलं. गाडीला मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. भावोजींना तयार आणि भलामोठा घ्यायचा होता. तात्या म्हणाले, अंथरूण पाहून पाय पसरावेत आणि इंजिन पाहून डबा जोडावा.

मग त्यांनी स्वतःच बांधला. अंगणात, सात महिने. लोखंडी सांगाडा, आत प्लायवूड, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. दोन माणसं आणि एक पाळणा मावेल एवढाच. जोडणीच्या हुकावर किती भार येतो ते बघायला त्यांनी घरातला वजनकाटा पळवला, तो शेवटपर्यंत परत केला नाही. ताई म्हणायची, आमच्या बाळाचं वजन राहतं बाजूला, डब्याचं मात्र दर आठवड्याला होतं.

डबा हलवायची एक रीत होती. तात्या चाकांखालचे लाकडी ठोकळे काढायचे. मागे जाऊन दिवे लागतात का बघायचे. मग पत्र्यावर थाप द्यायचे. बसवाल्यांची जुनी खूण.

दोन थापा म्हणजे चल.

एक थाप म्हणजे थांब.

ताई एकदा म्हणाली, त्यापेक्षा मागे कॅमेरा बसवू, कटकट मिटेल. तात्या हसले. “कॅमेरा दाखवेल गं सूनबाई. पण बघायचं कुणी?”

त्या रविवारी ताईच्या नणंदेची गाडीही बरोबर होती. तात्यांना दोन दिवस खोकला होता आणि ताईची मुलगी होती आठ महिन्यांची. ताई म्हणजे ताकही फुंकून पिणारी आई. बाळ कधी झोपलं, कधी उठलं, कशाने दचकलं, सगळं वेळेसकट मोबाइलमध्ये लिहायची. मी हसणार नाही, मीही लिहिते. तिने सकाळीच भावोजींच्या कानावर घातलं की परतताना तात्यांना नणंदेच्या गाडीत बसवा.  भावोजी म्हणाले, तूच सांग तिला.

ताई ‘बरं’ म्हणाली.

आणि तिने सांगितलंच नाही. कुणालाच. कारण नणंदेने ‘का’ विचारलं असतं, तर काय सांगणार? तुमच्या वडिलांचा खोकला मला माझ्या बाळाजवळ नको?

निघायची वेळ झाली. भावोजी स्टिअरिंगवर थापेची वाट बघत बसले. डब्यामुळे त्यांना मागचं काही दिसत नव्हतं. बाळ रडत होतं. पाच मिनिटं गेली... थाप येईना.

“बघ गं जरा.”

ताई उतरली. बाळाला तेल लावलेले हात तसेच होते. चाकांखालचे ठोकळे काढलेले दिसले. दूर वळणावर नणंदेची गाडी नाहीशी होताना दिसली. तिला वाटलं, भावोजींनी तात्यांना सांगितलं असणार, ते थाप द्यायची विसरून तिकडे जाऊन बसले.

डब्याच्या मागे बघायला अजून दोन पावलं जायला हवं होतं.

फक्त दोन पावलं.

बाळाने टाहो फोडला. ताई होती तिथेच थांबली. डब्याच्या बाजूवर तिने हात उचलला...

थप्. थप्.

“दिल्या का तात्यांनी?” ती आत बसताना भावोजींनी विचारलं.

“चला,” ती म्हणाली.

सुरुवातीचा रस्ता कच्चा होता. धुळीचे लोट उठत होते. तीन चाळीसला बाळ झोपलं. तिने लिहिलं.

तीन बावन्नला...

थप्.

मागून. एकच.

झोपेतच बाळ दचकलं. भावोजींचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. लहानपणापासून अंगात मुरलेली खूण ती.

“एक आली ना?”

ताई म्हणाली, खिडकीची झडप सैल असेल. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा, गाडी थांबवू नका.

त्यांनी ऐकलं.

चार वाजून पाच मिनिटांनी पुन्हा. या वेळी जोरात. भावोजींनी तिच्याकडे पाहिलं. तिने बाळाकडे.

चार वीसला तिसरी. ही मात्र हलकी होती... कुणी थाप मारली नाही, नुसता हात टेकवला, अशी.

मोबाइलमध्ये तीन ओळी झाल्या. दचकली. दचकली. दचकली.

त्यानंतर काहीच आलं नाही.

पावणेपाचला नणंदेचा फोन आला. तात्यांनी गोळी घेतली का, विचारत होती.

भावोजींनी गाडी कडेला घेतली. म्हणजे तात्या तिच्या गाडीत नव्हते. त्यांनी तात्यांचा नंबर लावला.

रिंग वाजली.

मागे... डब्यात.

ते किल्ली घेऊन धावले. फळीवर तात्यांचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. आत कुणीही नव्हतं.

भावोजी आत होते तेवढ्यात ताई डब्याच्या मागे गेली. ती दोन पावलं तिने आत्ता टाकली.

मागचा पत्रा धुळीने माखला होता. आणि त्या धुळीत एक पंजा उमटला होता. उजवा. ताजा.

करंगळी अर्धी.

निघाल्यापासून गाडी कुठेही थांबली नव्हती.

ताईच्या हातात बाळाचं ओलं पुसणं होतं. तिने तो पंजा पुसून टाकला.

का पुसलास, असं मी तिला विचारलं.  ती म्हणाली, “यांनी पाहिला असता, तर दोन थापा कुणी दिल्या तेही विचारलं असतं.”

ते परत गेले तेव्हा डबा उभा होता तिथून मागे पाचसहा हातांवर, झाडाच्या बुंध्याला टेकून तात्या बसलेले होते. मांडीवर ठोकळे. डॉक्टर म्हणाले, हृदय. साधारण साडेचारच्या सुमाराला गेले असावेत. त्याआधी कुणी पोहोचलं असतं तर... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

पहिल्या थापेला गाडी वळवली असती, तर साडेचारच्या आत ते पोहोचले असते. हा हिशेब घरात फक्त ताईला मांडता येतो. वेळा तिनेच लिहिल्यात.

घरचे म्हणतात, माणूस कामाचा पक्का. छातीत कळ येत असताना दोन थापा दिल्या आणि मगच टेकला. भावोजी हे येईल त्याला सांगतात. आणि ताई शेजारी उभी राहून खाली बघते.

डबा आता अंगणात असतो. त्याच्या बाजूच्या पत्र्यावर दोन पंजे आहेत. तेलकट. पाऊस पडून गेला तरी धूळ बसली की वर येतात. भावोजी ते कुणाला पुसू देत नाहीत. तात्यांच्या शेवटच्या थापा आहेत त्या.

मध्यंतरी त्यांनी त्यावर स्वतःचा हात ठेवून पाहिला.

“तात्यांचा हात एवढा लहान होता का गं?”

“वयाने माणूस आटतो,” ताई म्हणाली.

करंगळीकडे त्यांचं लक्ष गेलेलं नाही. अजून.

गेल्या रविवारी मी तिथे होते. भरदुपार. डब्याला कुलूप. आम्ही तिघंही स्वयंपाकघरात होतो, तिची आणि माझी, दोन्ही मुलं आतल्या खोलीत झोपलेली.

थप्.

अंगणातून. एकच. मी माझ्या कानांनी ऐकली. आतून मुलं दचकून रडायला लागली. भावोजींनी मानही वर केली नाही. जणू त्यांना ऐकूच आली नव्हती.

ते मुलांकडे गेल्यावर ताई हळूच म्हणाली, “थांब म्हणतायत. रोज म्हणतात. पण आता मी काय थांबवू?”

नावं गाळून लिही, असं तिनेच मला सांगितलं. भावोजी असलं काही वाचत नाहीत, असं ती म्हणते. मला तेवढी खात्री नाही. आणि ते वाचतील याची भीती वाटते की वाचावं असं वाटतं, हेही सांगता येत नाही.

एवढं लिहिताना मी दोनदा उठून सासूबाईंच्या खोलीत डोकावून आले. त्यांना कालपासून सर्दी आहे, आणि बाळाला त्यांच्याकडे देऊ नका, असं सकाळी मीच म्हणाले होते.

तुमच्याबरोबर निघालेलं, पण सावकाश चालणारं कुणी असेलच. बसले असतील गाडीत, असं म्हणू नका. हाक मारूनही भागवू नका.

दोन पावलं मागे जा. बघून या.